कलम धरते, कलम झडते

कोकणातला बागायतदार रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसची काडी बांधतो, ते आपण पाहिले असेल. रोप तिरपे छाटायचे, काडीही तशीच छाटायची, दोन्ही ओल्या जखमा एकमेकींना भिडवायच्या आणि वर पट्टी गुंडाळायची. थोड्याच आठवड्यांत दोन जीवांचा एक जीव होतो. रोप कोणाच्या बागेतले आणि काडी कोणाच्या, झाडाला त्याचे सोयरसुतक नसते.

आता हाच प्रयोग गोठ्यात करून पाहा. प्रत्यक्ष नव्हे बरे का, मनातल्या मनात! एका गाईच्या अंगावरची रुपयाएवढी कातडी काढली आणि शेजारच्या गाईच्या तेवढ्याच जखमेवर बसवली. पहिले काही दिवस वाटते, जमले. कातडी चिकटते, तिच्यात रक्त खेळू लागते. मग ती सुजते, काळवंडते, कडक होते आणि दोन आठवड्यांच्या आत खपलीसारखी गळून पडते. जखम चिघळली म्हणावे, तर तसेही नाही. हात स्वच्छ, हत्यारे स्वच्छ, बांधणी उत्तम. तरी कलम झडते.

कारण काय, तर झाडाच्या अंगात फिरते पहारेकरी नाहीत आणि जनावराच्या अंगात आहेत. रक्तातून आणि लसीकेतून हिंडणाऱ्या पांढऱ्या पेशी परका जीव ओळखतात आणि त्याला मारतात. त्या आहेत म्हणून आपण रोगजंतूंच्या या जगात तग धरतो. पण चोर कोण आणि पाहुणा कोण, हे या पहारेकऱ्यांना कळत नाही. ज्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत अशा माणसाला त्याची आई किंवा भाऊ आपले एक मूत्रपिंड देतो, तेही या पेशींच्या लेखी परकेच. आपल्या देशात १९७१ साली वेल्लूरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात मूत्रपिंडाचे रोपण यशस्वी झाले, आणि आता अशी माणसे तालुक्याच्या गावीही भेटतात. त्यांना विचारून पाहा. सकाळ-संध्याकाळ गोळ्या, त्याही जन्मभर. गोळ्या सोडल्या तर पेशी उठतात आणि दिलेले मूत्रपिंड खाऊन टाकतात. गोळ्या घेतल्या तर सगळाच पहारा ढिला पडतो, साधा संसर्गही अंगावर येतो, काही जातींच्या कर्करोगाची भीती वाढते. शिवाय गोळ्यांचा खर्च आहेच.

मग प्रश्न असा, की पहारा न मोडता नेमके तेवढे एक कलम धरवता येईल काय? जनावरांत ते साधले आहे. कसे साधले, त्याची ही हकिकत आहे.

आधी एक जुनी गोष्ट. टिपू सुलतानाशी १७९२ साली संपलेल्या युद्धात इंग्रज फौजेच्या बैलांवर असलेला कावसजी नावाचा एक मराठी माणूस पकडला गेला आणि त्याचे नाक कापण्यात आले. पुढे पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या समाजातल्या एका माणसाने त्याच्याच कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिले आणि १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात त्याची हकिकत छापून आली. युरोपातल्या शल्यवैद्यांनी ही विद्या तेथून उचलली. नाक टिकले, कारण कातडी त्याची स्वतःची होती. दुसऱ्याची लावली असती तर ते महिनाभरही टिकले नसते. असे का, हे त्या वेळी पुण्यातही कोणाला ठाऊक नव्हते आणि लंडनातही नव्हते.

आता गोठ्यात जाऊ. गाईला जुळे झाले, त्यात एक गोऱ्हा आणि एक कालवड असली, तर ती कालवड बहुधा वांझ निघते. दहांत नऊ वेळा तरी. इंग्लंडातले शेतकरी अशा कालवडीला फ्रीमार्टिन म्हणत. लंडनचा शल्यवैद्य जॉन हंटर याने अशा जनावरांची चिरफाड करून १७७९ साली त्यावर निबंध लिहिला. पण कारण सापडले ते १९१६ च्या सुमारास, अमेरिकेत. शिकागो विद्यापीठातला फ्रँक लिली कत्तलखान्यातून गाभण गाईंचे गर्भाशय आणून पाही. त्याला दिसले, की गाईच्या पोटातल्या जुळ्यांच्या वारा एकमेकींना जुळतात आणि रक्तवाहिन्यांना रक्तवाहिन्या मिळतात. गोऱ्ह्याच्या अंगातले स्राव रक्तावाटे कालवडीत जातात आणि तिची जननेंद्रिये नीट घडत नाहीत.

लिलीने वांझपणाचा उलगडा केला आणि तो थांबला. रक्तातून स्राव जातात तर रक्ताच्या पेशीही जात असतील, आणि परक्या पेशी गेल्या तर पुढे काय होते? हा प्रश्न जवळजवळ तीस वर्षे कोणी विचारला नाही. मला यात डॉक्टर आणि पशुवैद्य यांच्यातली जुनी भिंत दिसते. डॉक्टर लोक वांझ कालवडींचे निबंध कशाला वाचतील?

तो प्रश्न विचारला रे ओवेन याने. तो स्वतः विस्कॉन्सिनमधल्या दूधधंद्याच्या शेतावर वाढलेला. तिथल्याच विद्यापीठात गुराढोरांचे रक्तगट तपासण्याचे काम चाले, कारण वळूच्या वंशावळीची खात्री करायला पैदासकारांना ते लागे. मेरीलँड प्रांतातून एक चमत्कारिक प्रकरण आले. एका गर्न्सी जातीच्या गाईला एकाच दिवशी दोन वळू लागले होते, एक तिच्याच जातीचा आणि दुसरा हिअरफर्ड. तिला जुळे झाले, आणि दोन वासरांचे बाप दोन! वासरांचे रक्त तपासले, तर प्रत्येकात दोन्ही बापांकडच्या खुणा. एका वासराला दोन बाप असणे शक्य नाही. म्हणजे प्रत्येकाच्या अंगात काही रक्त स्वतःचे आणि काही भावंडाचे होते.

ओवेनने मग इतर जुळी तपासली. बहुतेकांत तोच प्रकार. आणि खरी मेख पुढेच आहे. गाईच्या तांबड्या पेशीचे आयुष्य काही महिन्यांचे. पोटात असताना आलेले रक्त तेवढ्यात संपायला हवे. पण मोठ्या झालेल्या जनावरांतही दोन्ही रक्ते होती. म्हणजे भावंडाच्या मूळ पेशी, ज्या रक्त तयार करतात त्या, दुसऱ्याच्या हाडांच्या मगजात जाऊन राहिल्या होत्या आणि तिथे संसार थाटून बसल्या होत्या. पहारेकऱ्यांनी त्यांना हातही लावला नव्हता. १९४५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याने हे छापले. मूत्रपिंड नाही, शस्त्रक्रिया नाही, औषध नाही; परक्या जिवाचे रोपण निसर्गानेच गाईच्या पोटात करून दाखवले होते.

याच सुमारास इंग्लंडात पीटर मेडावार नावाचा प्राणिशास्त्रज्ञ दुसऱ्या वाटेने याच प्रश्नाकडे येत होता. १९४० साली ऑक्सफर्डमधल्या त्याच्या घराजवळ एक बाँबफेकी विमान कोसळले आणि भयंकर भाजलेल्या वैमानिकासाठी काही करता येईल का, असे डॉक्टरांनी त्याला विचारले. दुसऱ्याची कातडी लावून पाहावी, तर ती गळून पडते. पुढे ग्लासगोच्या इस्पितळात टॉमस गिब्सन या शल्यवैद्याबरोबर त्याने भाजलेल्या एका स्त्रीला तिच्या भावाच्या कातडीचे तुकडे लावले. ते झडले. काही दिवसांनी त्याच भावाचे आणखी तुकडे लावले, ते पहिल्यांपेक्षा लवकर झडले. १९४३ साली प्रसिद्ध झालेली ही नोंद महत्त्वाची आहे. शरीराने ओळख ठेवली होती. देवीची लस टोचल्यावर शरीर देवीची ओळख ठेवते ना, अगदी तसे. म्हणजे कलम झडणे हा कातडीचा दोष नव्हे. ते पहारेकऱ्यांचे काम आहे, आणि पहारेकऱ्यांना आठवण असते.

१९४८ मध्ये स्टॉकहोमच्या आनुवंशिकीच्या परिषदेत मेडावारची गाठ एडिंबरोच्या ह्यू डोनाल्ड यांच्याशी पडली. डोनाल्ड यांना जुळी वासरे हवी होती, पण हुबेहूब जुळी कोणती आणि नुसती एका वेळी जन्मलेली कोणती, हे ओळखता येईना. मेडावार म्हणाला, सोपे आहे, एकमेकांची कातडी लावून पाहा. हुबेहूब जुळ्यांची टिकेल, बाकीच्यांची झडेल. बर्मिंगहॅमजवळच्या एका शेतावर तो आणि रुपर्ट बिलिंगहॅम हा प्रयोग करू लागले. निकाल उलटाच लागला. हुबेहूब जुळ्यांची टिकली हे ठीक, पण बाकीच्यांचीही बहुतेक टिकली. गोऱ्ह्याची कातडी वांझ कालवडीच्या अंगावर सुखाने नांदू लागली! वेगवेगळ्या वेतांच्या सख्ख्या भावंडांची मात्र झडली.

कोडे सुटले ते एका पुस्तकामुळे. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नचे मॅकफार्लेन बर्नेट आणि फ्रँक फेनर यांनी १९४९ साली लिहिलेल्या ग्रंथात ओवेनच्या वासरांचा दाखला होता. बर्नेट यांचे म्हणणे असे, की आपले कोण आणि परके कोण, हे शरीर जन्मतः जाणत नाही. ते गर्भात शिकते. त्या शिकण्याच्या काळात जी पेशी तिथे हजर असेल ती कायमची आपली ठरते.

तसे असेल तर माणसाने मुद्दाम हे घडवून आणता यायला हवे. मेडावार, बिलिंगहॅम आणि लेस्ली ब्रेंट यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ते घडवले. प्रयोगशाळेतल्या उंदरांची वाणे असतात, आपल्या ज्वारी-बाजरीसारखी. बहीणभावांची पैदास निदान वीस पिढ्या चालवून ती इतकी एकसारखी केलेली असतात, की एका वाणाचे सगळे उंदीर कातडीच्या दृष्टीने जणू एकच. एका वाणाच्या गाभण उंदरिणीच्या पोटातल्या सहा पिलांत दुसऱ्या वाणाच्या पेशी सुईने टोचल्या. पाच पिले धडपणे जन्मली. आठ आठवड्यांनी पाचांनाही त्या दुसऱ्या वाणाची कातडी लावली. अकराव्या दिवशी दोघांची कलमे झडत चालली होती. उरलेल्या तिघांची मात्र स्वतःच्या कातडीसारखी धरली होती, वर परक्या रंगाचे केसही आले. ऑक्टोबर १९५३ मध्ये हे ‘नेचर’मध्ये आले. पाचांत तीन! केवढीशी संख्या, पण त्यावर एक शास्त्र उभे राहिले. बर्नेट आणि मेडावार यांना १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले. ओवेनला मिळाले नाही. मेडावारला स्वतःला ते खटकले होते.

त्या निबंधातला आणखी एक प्रयोग ध्यानात ठेवा, पुढे तो उपयोगी पडणार आहे. परकी कातडी अंगावर बाळगून मजेत असलेल्या उंदराला त्यांनी त्याच्याच वाणाच्या, पण परक्या कातडीशी आधीच झुंजून तयार झालेल्या दुसऱ्या उंदराच्या पेशी टोचल्या. कातडी लगेच झडली. अर्थ असा लावला गेला, की या उंदरात लढणाऱ्या पेशी नव्हत्याच. त्या बाहेरून आल्या आणि लढाई झाली. गावात भांडखोर नाही म्हणून गाव शांत, असा हिशेब.

हा हिशेब पुढच्या शोधांनी पक्का होत गेला. ऑक्सफर्डच्या जेम्स गोवन्स यांनी दाखवले, की लढाई सुरू करणाऱ्या त्या लसीका पेशी, म्हणजे लिंफोसाइट, रक्तातून लसीकेत आणि लसीकेतून रक्तात अशा सतत फेऱ्या मारत असतात. १९६१ साली जॅक मिलर यांनी लंडनमध्ये नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस ग्रंथी काढली. छातीच्या हाडामागची ही ग्रंथी वयात आल्यावर आकसते, म्हणून आपल्या कोशात तिला यौवनलोपी ग्रंथी म्हटले आहे. तोवर ती बिनकामाची समजली जाई. ग्रंथी काढलेल्या उंदरांवर कोणत्याही वाणाची कातडी धरू लागली, आणि साध्या संसर्गाने ते मरूही लागले. टी पेशी ज्यांना म्हणतात त्या तिथे तयार होतात. ज्या टी पेशी आपल्याच अंगावर उठतील त्यांना ग्रंथी तिथल्या तिथे मारून टाकते, हेही १९८७ साली जॉन कॅपलर आणि फिलिपा मॅरक यांनी दाखवले. हे सगळे खरे आहे आणि आजही शिकवले जाते.

पण हे अर्धेच आहे. उरलेल्या अर्ध्याची चाहूल डुकरांनी दिली. केंब्रिजचे रॉय कॅल्न यांनी १९६९ साली कळवले, की एका डुकराचे यकृत दुसऱ्या मोठ्या डुकराला बसवले, तर पुष्कळदा ते कोणत्याही औषधावाचून टिकते. एवढेच नव्हे, त्याच दात्याचे मूत्रपिंड नंतर बसवले तर तेही टिकते, जे एरवी टिकले नसते. आता बघा, हे डुक्कर पोटातले पिलू नव्हते. त्याच्या लढणाऱ्या पेशी पूर्ण तयार होत्या आणि जागच्या जागी होत्या. मग त्या गप्प का बसल्या?

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात रिचर्ड गर्शन यांनी १९७० च्या सुमारास याचे एक उत्तर सुचवले. एखाद्या पदार्थापुढे गप्प राहायला शिकवलेल्या उंदराच्या पेशी काढून त्यांनी नव्या उंदरात घातल्या, तर नवा उंदीरही त्या पदार्थापुढे गप्प बसला. नुसती उणीव अशी हातोहात देता येत नाही. दिले जाते ते काहीतरी असावे लागते. गर्शन म्हणाले, टी पेशींतच काही पेशी इतरांना आवरणाऱ्या असल्या पाहिजेत. त्यांना दमन पेशी असे नाव पडले.

पुढची दहाबारा वर्षे या दमन पेशींचा मोठा गाजावाजा झाला. जो तो आपल्या प्रयोगशाळेत त्या पाहू लागला. त्यांची खूण सांगितली गेली, त्या खुणेचे जनुक कुठल्या जागी आहे तेही सांगितले गेले. १९८० नंतर त्या जागेचा डीएनए प्रत्यक्ष वाचला गेला, तेव्हा तिथे असे जनुकच नव्हते. झाले! मग कोणी त्या पेशींचे नाव घेईना. त्यावर काम करतो म्हणणाऱ्याला पैसा मिळेना. माझ्या मते चूक गर्शन यांच्या निरीक्षणात नव्हती. पेशी वेगळी काढून हातात धरण्याआधीच तिची वंशावळ लिहायला लोक बसले, ही चूक होती. गर्शन यांचा मृत्यू १९८३ सालचा, म्हणजे नेमका या पडझडीच्या दिवसांतला.

जपानमध्ये मात्र शिमोन साकागुची या डॉक्टरने हे काम सोडले नाही. १९६९ साली नागोयाच्या संशोधकांनी एक विचित्र गोष्ट पाहिली होती. उंदराची यौवनलोपी ग्रंथी जन्मल्याबरोबर काढली तर त्याचा पहारा दुबळा होतो, हे मिलरमुळे ठाऊक होते. पण तीच ग्रंथी तिसऱ्या दिवशी काढली तर भलतेच होते: उंदरिणीची बीजकोशेच नष्ट होतात. शरीर आपल्याच अवयवांवर उठते. पोलिसांची भरती बंद केली आणि पोलिसच दंगा करू लागले, अशातला हा प्रकार. साकागुचींनी अशा उंदरांना त्याच वाणाच्या धडधाकट उंदराच्या टी पेशी दिल्या, आणि रोग टळला. याचा अर्थ एकच होतो. ग्रंथीतून दोन प्रकारच्या पेशी बाहेर पडतात. लढणाऱ्या आधी पडतात, आवरणाऱ्या मागाहून. तिसऱ्या दिवशी दार लावले, तर लढणाऱ्या बाहेर आणि आवरणाऱ्या आतच राहून गेल्या.

या आवरणाऱ्या पेशी ओळखायच्या कशा? त्यांची एक एक खूण पारखत १९९५ साल उजाडले. खूण सापडली ती सीडी २५ नावाची. ही खूण असलेल्या पेशी वगळून बाकीच्या टी पेशी ग्रंथीविना जन्मलेल्या उंदरांना दिल्या, तर उंदीर आपल्याच पोटाच्या आणि गळ्यातल्या ग्रंथींच्या रोगाने आजारी पडले. वगळलेल्या पेशी परत दिल्या, तर वाचले. त्याच उंदरांना परकी कातडी लावली, तेव्हा या पेशींवाचून हल्ला फार जोराचा झाला आणि त्या दिल्यावर तो ताळ्यावर आला. म्हणजे घरच्यांना वाचवणारी आणि पाहुण्याला वाचवणारी पेशी एकच. खरे तर ब्रूस हॉल यांच्या गटाने १९९० सालीच, परके हृदय बसवलेल्या उंदरांत, याच खुणेच्या पेशी कलमाला जपतात असे लिहिले होते. पण त्या काळी या विषयाला कोणी कान देत नव्हते.

आता मेडावारचा तो प्रयोग आठवा. हर्मन वाल्डमन, स्टीफन कॉबोल्ड आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ मध्ये तोच खेळ नव्याने मांडला. त्यांनी पिले घेतली नाहीत, मोठे उंदीर घेतले. परकी कातडी लावली आणि काही आठवडेच अशी प्रतिद्रव्ये दिली, की जी टी पेशींना मारत नाहीत, नुसती त्यांची पकड सोडवतात. औषध थांबले, कातडी टिकली. मग या उंदरांना त्यांच्याच वाणाच्या ताज्या टी पेशी भरपूर दिल्या. मेडावारच्या उंदरांत बाहेरच्या पेशी आल्या आणि कलम झडले होते. इथे झडले नाही. (मेडावारने दिलेल्या पेशी आधी लढून शिकलेल्या होत्या, या कोऱ्या होत्या, हा फरक मात्र विसरू नये.) शाळेतल्या गुरुजींनी हे दोन प्रयोग फळ्यावर शेजारी शेजारी काढावेत, मुलांना पटकन समजेल.

पण याहून नवल पुढे. नव्या पेशींवर खूण करून ठेवलेली होती. दोन्ही प्रकारच्या पेशी काही आठवडे एकत्र राहू दिल्या आणि मग उंदराच्या मूळच्या पेशी काढून टाकल्या. उरल्या त्या फक्त पाहुण्या पेशी, ज्यांना कोणी काही शिकवले नव्हते. त्यांनीही कातडीला हात लावला नाही. उलट त्यांच्यानंतर येणाऱ्या पेशींनाही त्या आवरू लागल्या. जुन्या जागल्याने नव्या जागल्याला गावची रीत सांगून जावे, तसे. पुढे २००२ साली याच मंडळींनी टिकून राहिलेल्या कातडीचे तुकडे काढून नव्या उंदरांवर लावले, तेव्हा आवरणाऱ्या पेशी त्या कातडीतच बसलेल्या आढळल्या. गर्शन यांनी जे म्हटले होते ते हेच होते. नाव तेवढे बदलले; दमन पेशी हे नाव बदनाम झाले होते, म्हणून आता त्यांना नियामक टी पेशी म्हणतात.

त्यांचे जनुकही सापडले, आणि या वेळी ते सांगितल्या जागी होते. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत १९४९ साली खपल्याखपल्यांच्या कातडीचे, काही आठवड्यांतच मरणारे नर उंदीर आपोआप निपजले होते. त्या वाणाची पैदास पन्नास वर्षे जपून ठेवली गेली. मेरी ब्रंकाऊ आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये त्यांतले बिघडलेले जनुक शोधून काढले, त्याचे नाव फॉक्सपी३. हेच जनुक बिघडलेली माणसाची मुलेही तान्हेपणीच आपल्याच शरीराच्या हल्ल्याने आजारी पडतात. दोन वर्षांत साकागुची आणि इतर दोन गटांनी दाखवले, की हे जनुक म्हणजेच नियामक पेशी घडवणारी किल्ली. ब्रंकाऊ, रॅम्सडेल आणि साकागुची यांना २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या पेशी आवर घालतात तो कसा? टी पेशी आपणहून उठत नाही. तिला वर्दी लागते. वर्दी देणाऱ्या पेशी वेगळ्या असतात; त्या कलमातला परका अंश उचलून जवळच्या लसीका ग्रंथीत नेऊन दाखवतात, आणि त्याबरोबर ‘ऊठ’ असा दुसरा इशारा देतात. नियामक पेशी या वर्दीवाल्याला बिलगते आणि त्याच्या अंगावरचा तो दुसरा इशाराच ओरबाडून घेते. मग लढणारी पेशी परका पाहते खरी, पण उठत नाही. दुसरे असे, की लढणाऱ्यांना वाढायला एक रासायनिक खुराक लागतो. सीडी २५ ही खूण म्हणजे तो खुराक पकडायचा हातच. नियामक पेशीच्या अंगावर असे हात पुष्कळ, म्हणून ती खुराक आधी गट्ट करते. शिवाय ती स्वतः काही शामक द्रव्ये सोडते. त्यांत राहून काही कोऱ्या पेशीच पुढे नियामक बनतात. वाल्डमन यांच्या उंदरांत पिढीजात चालत गेलेली रीत ती हीच.

मग माणसाला अजून गोळ्या का, असे आपण विचाराल. एक कारण असे. प्रयोगशाळेतला उंदीर स्वच्छ पिंजऱ्यात वाढतो, त्याने जग पाहिलेले नसते. तुम्ही-आम्ही जन्मापासून शेकडो संसर्गांशी झुंजलो आहोत. त्या झुंजींत तयार झालेल्या, आठवण ठेवणाऱ्या पेशींपैकी काही परक्या अवयवालाही जुना शत्रू समजतात, आणि त्यांना आवरणे फार कठीण. उंदरात जी युक्ती सहज साधते, ती कुत्र्यात, माकडात आणि माणसात म्हणून फसत आली.

तरी पाऊल पडले आहे. रोग्याच्याच नियामक पेशी काढून, वाढवून, मूत्रपिंडासोबत परत द्यायचे प्रयोग युरोप-अमेरिकेत झाले. २०२० साली त्यांचे निष्कर्ष छापले गेले आणि काही रोग्यांची औषधे एका गोळीवर आली. त्याआधी, २०१६ साली, जपानच्या साप्पोरो येथील होक्काइडो विद्यापीठातून यकृत बदललेल्या दहा रोग्यांचा अहवाल आला. दात्याच्या पेशींबरोबर प्रयोगशाळेत ठेवून आवर घालायला शिकवलेल्या त्यांच्याच पेशी त्यांना परत दिल्या आणि मग औषध हळूहळू कमी केले. दहांपैकी सातांचे औषध पूर्ण बंद झाले. उरलेल्या तिघांत औषध कमी करताना पेशी उठू लागल्या, म्हणून त्यांना ते पुन्हा थोडे चालू करावे लागले. त्या तिघांचेही पहिले, जन्मापासूनचे यकृत गेले होते ते त्यांच्या स्वतःच्याच पेशी त्याच्यावर उठल्यामुळे.